भिंतीकडे तोंड

यशोधरा मॅडमच्या घरी कुणी गेलं की त्या आधी पाणी विचारत नसत, नावही विचारत नसत. दारातच हात पुढे करून म्हणत, "फोन." दिलेला फोन त्या स्वयंपाकघरात नेत, ज्वारीच्या पिठाच्या स्टीलच्या डब्यात फडक्यावर ठेवत, झाकण दाबून बसवत आणि वर वरवंटा ठेवत. मग पदराला हात पुसत बाहेर येत. "हां, आता बोला. कुणाकुणाला सांगितलंय?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आलं होतं. चिटगुप्प्याच्या हायस्कुलात अठरा वर्षं हिंदी शिकवलेली बाई मी. वर्गातल्या टारगट पोरांना घाबरले नव्हते, तर एका म्हाताऱ्या बाईच्या पिठाच्या डब्याला काय घाबरणार? गुलबर्ग्याला स्टेशनपलीकडच्या कॉलनीत दोन खोल्यांचं त्यांचं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक लाकडी टेबल, त्यावर पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. त्याच्या मागच्या बाजूला एक चौकोनी भोक होतं आणि त्यावर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी. नेटची वायर जिथे लागते तो तुकडाच मॅडमनी स्क्रू काढून उपटून टाकला होता.

"ह्याला भाईरचं काय बी ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इस्वास हाय त्याच्यावर. जेवढा हाय तेवढा."

माझ्यासोबत रोहिणी होती, माझी भावजय. सत्तावीस वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ महेश हुमनाबादच्या रस्त्यावर अपघातात गेला होता. रोहिणीच्या पर्समध्ये एक पाकीट होतं आणि त्या पाकिटात महेशची सहा वर्षांची कमाई होती, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. म्हणजे महेशनंच सांगितलं होतं. तो घरात बसून बाहेरदेशीच्या कंपन्यांची चित्रं, अक्षरं, वेबसाइटची सजावट करायचा. ते लोक त्याला क्रिप्टोमध्ये पैसे द्यायचे आणि तो ते तसेच ठेवायचा. "रोहिणीची नर्सिंगची डिग्री आणि तन्वीचं शिक्षण ह्यातूनच करायचंय," असं तो म्हणायचा. तन्वी त्यांची चार वर्षांची मुलगी. रोहिणीच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. जूनमध्ये फी भरली नाही तर तिचे वडील तिला औरादला घेऊन जाणार होते, आणि तिकडे तिच्यासाठी एक बिजवर पाहून ठेवलाय हे तिला तिच्या बहिणीनं सांगितलं होतं.

पाकिटातल्या कागदावर बावन्न इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. तीच किल्ली. ती ज्याच्या हातात, पैसे त्याचे. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, अर्ज करायला खिडकी नाही. पैशांची पेटी नेटवर कुणालाही बाहेरून दिसते, आत किती आहे तेही दिसतं. उघडायला मात्र ती बावन्न अक्षरं लागतात. आणि आमच्या कागदावरची नऊ अक्षरं गेली होती.

ती आईच्या बोटानं गेली होती. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते: विळी, कात्री, शिलाई मशीन, बापूंची स्कूटर, माझा डस्टरसुद्धा. आदल्या दसऱ्याला महेशनं हसत हसत ते पाकीटही पाटावर ठेवलं. "आई, माझं खरं हत्यार हे हाय." आई म्हणाली, पाकिटाला कशाला, आतल्याला लावते. तिनं कागद काढून त्यावर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, फूल ठेवलं, पाणी शिंपडलं. कागद जेल पेननं लिहिलेला. महेशनं तो तसाच घडी घालून ठेवला आणि म्हणाला, "आईचं बोट लागलंय, आता कोण नेतंय." फेब्रुवारीत आम्ही तो उघडला तेव्हा लाल डागांच्या खाली निळी शाई पसरून तळं झालं होतं. आईला आम्ही हे कधीच सांगितलं नाही. ती अजून म्हणते, पूजा केली होती म्हणून ते वाचलं.

रोहिणीच्या हॉस्टेलच्या वॉर्डन या यशोधरा मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनीच हे घर दाखवलं. यशोधरा मॅडम मूळच्या मादन हिप्परग्याच्या. गावातून गणित शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही, बहिणीची मुलगी मित्रा हिला लहानपणापासून सांभाळलं. निवृत्त झाल्यावर बंगलोरच्या एका विद्यार्थ्यानं अर्धी जळालेली किल्ली आणून दिली आणि यांनी नुसत्या कुतूहलापोटी तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. किल्ली मिळाली. मग माणसं येत राहिली.

त्या काम कसं करत ते मला त्यांनी पोळपाटावर शेंगदाणे मांडून समजावलं होतं. किल्लीची शेवटची काही अक्षरं आधीच्या सगळ्या अक्षरांची साक्ष देतात. एक जरी अक्षर चुकलं तरी साक्ष जुळत नाही. मग मशीननं गेलेल्या जागी एकेक अक्षर घालून बघायचं, साक्ष जुळेपर्यंत. किल्लीत चालणारी अक्षरं आणि आकडे मिळून अठ्ठावन्न, म्हणून एक जागा रिकामी असेल तर अठ्ठावन्न वेळा बघायचं. दोन असतील तर त्याच्या अठ्ठावन्न पट. "आनी नऊ आसतील," त्या पोळपाट उचलून शेंगदाणे वाटीत ओतत म्हणाल्या, "तर मी मरंन, तू मरशील, मशीन बी मरंल."

पण त्यांनी कागद परत दिला नाही. त्या पहिल्यांदा जे बोलल्या ते मला विचित्र वाटलं. "पोरी, तुझ्या नवऱ्यानं लिहिलेलं घरात जे जे आसंल ते घेऊन ये. वही, चिठ्ठी, डब्यावरची नावं, काय बी."

तशी किल्ली परत मिळवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं नेटवर ढिगानं आहेत, फुकटसुद्धा. मॅडम ती वापरत, पण त्यांच्या पद्धतीनं. कॉलेजातून सीडीवर आणायची, प्रोग्रॅमची ओळन् ओळ जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर छापायची आणि लाल पेन घेऊन पेपर तपासतात तशी वाचून काढायची. पंधरा पंधरा दिवस. "वाचल्याबिगर चालवायचं न्हाई," हे त्यांचं पालुपद होतं. एकदा अशाच एका प्रोग्रॅममध्ये त्यांना शेवटून चौथ्या पानावर एक ओळ सापडली होती. सापडलेली किल्ली ती गुपचूप कुठल्या तरी परक्या पत्त्यावर पाठवत होती. ते पान त्यांनी भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलं होतं. माणूस आला की त्याला ते दाखवत. वाचता न येणाऱ्यालाही दाखवत.

आणि आणखी एक सवय. रोहिणीला कागदावरची न बिघडलेली अक्षरं मशीनमध्ये भरायची होती. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, काय दाबायचं ते सांगितलं, आणि स्वतः खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसल्या. अर्धा तास तशाच बसल्या. "झालं का?" "न्हाई अजून." "झाल्यावर पडदा टाक, मग मी फिरते." कागदाच्या चांगल्या भागावर त्यांनी काळ्या कागदाची पट्टी चिकटवून घेतली, म्हणजे त्यांना फक्त डागच दिसावेत.

मी म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास नसता तर आम्ही आलो असतो का?"

"तुमचा हाय. माझा न्हाई," त्या भिंतीशीच बोलल्या. "मी एकदा बघितलं की ते डोक्यात बसतंय, टीचर. पुसता येत न्हाई. पयल्या बॅचच्या पोरींचे रोल नंबर आजून पाठ हायत मला. चोराला मी भीत न्हाई, चोर वळखू येतोय. मी मला भिते."

मित्रानं नंतर मला सांगितलं की ती डिप्लोमाला असताना मॅडमना एका विषयाचा पेपर काढायचं काम आलं होतं. मित्रा त्याच परीक्षेला बसणार होती. मॅडम सव्वा महिना तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, वेणी घालायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. पोरीला वाटलं आपलं काही तरी चुकलं. पेपर झाल्यावर त्या बसस्टँडवर उभ्या होत्या आणि मित्रा दिसताच त्यांनी तिला मिठी मारून सगळ्यांदेखत रडून घेतलं. म्हणाल्या, "लई भ्याले गं मी. झोपेत बोलले आसते तर?"

कामाचे पैसे त्या घेत नसत. कुणी वाटा देऊ केला तर हात जोडत. "वाटा घेतला की हाव सुटती. मग भिंत पुरत न्हाई."

मे महिना होता, शाळेला सुटी. मी गुलबर्ग्यातच रोहिणीच्या खोलीवर राहिले. आम्ही महेशच्या अक्षराचा कागद न् कागद गोळा करून नेला: कॉलेजच्या वह्या, लग्नात आलेल्या आहेरांची यादी, त्यानं रोहिणीच्या मसाल्याच्या डब्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या. मॅडमनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर मांडलं. महेश शेपटी कुठे वळवतो, गाठ कुठे मारतो, घाई असली की काय सोडतो. डागाखालून कुठे एखादी शेपटी, कुठे एखादं टोक डोकावत होतं, ते त्या भिंगातून बघत आणि म्हणत, "हे सहापैकी एक. हे पाचपैकी एक." दहा दिवसांत त्या महेशला इतकं ओळखायला लागल्या की एकदा म्हणाल्या, "सोमवारी लिहिलंय बग हे पान. आळसावलाय." मला फार बरं वाटलं. माझ्या भावाला न पाहिलेल्या कुणीतरी त्याला आळशी म्हणावं, यात बरं वाटण्यासारखं काय, पण वाटलं.

मशीन सुरू झालं. अजून वीस दिवस लागतील, असा त्यांचा हिशोब होता. रोज सकाळी वॉर्डनच्या कॉम्प्युटरवर रोहिणी फक्त पेटी बघून यायची. आहे. अजून आहे.

आणि इथे मी ती गोष्ट केली.

खरं तर ती आधीच केलेली होती. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "कागदाचा फोटो काढलाय का कुणी?" मी नाही म्हणाले होते. काढला होता. गुलबर्ग्याला यायच्या आधीच, जपून असावा म्हणून. आता वीस दिवस ऐकून माझा धीर सुटला. औरादहून रोहिणीच्या वडिलांचा फोन आला होता, गाडी घेऊन येतो म्हणून. मी फोनवर शोधलं. 'तीन तासांत हमखास', असं एक सॉफ्टवेअर मिळालं. वर हसऱ्या माणसांचे फोटो, खाली आभार मानणारे लोक. मी ते घेतलं आणि विचारेल त्याला हो हो म्हणत गेले. त्यानं कागदाचा फोटो मागितला. मी दिला. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत शंभर टक्क्यांवर गेली आणि काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून संदेश आला. "महेश भाई का कागज है ना? बाकी अक्षर भेजो, आधा आपका." मी तो पुसून टाकला. संध्याकाळी दुसरा आला. "टीचर, चिटगुप्पा में गर्मी बहुत है ना?"

 मी त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, शिक्षिका आहे हे तर नाहीच. फोनमधलं सगळं त्यांनी उपसून घेतलं होतं: माझे नातेवाईक, शाळेचा ग्रूप, तन्वीचे फोटो.  मी भाजी आणायला गेले तरी मागे वळून बघायची. रिक्षावाल्यानं "कुठं जायचंय अक्का?" विचारलं तरी दचकायची. फोन वाजला की तो पालथा करून ठेवायची. आणि सकाळी रोहिणी पेटी बघून येईपर्यंत मी पायरीवर बसून असायची. ती "हाय" म्हणाली की मी श्वास सोडायची, आणि तिच्याकडे बघायची मला लाज वाटायची. असे चार दिवस काढले. चार दिवस मी मॅडमच्या घरी जाऊन फोन डब्यात टाकत होते आणि समोर बसून चुरमुऱ्यांची सुशीला खात होते, जणू काही झालंच नाही.

पाचव्या दिवशी संदेशात तन्वीचा फोटो आला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

मी तशीच रिक्षा करून मॅडमकडे गेले. फोन देताना तो माझ्या हातातून खाली पडला. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. रोहिणी माझ्याआधीच तिथे आली होती, ती आतून ऐकत होती. ती भिंतीला टेकली.

मला वाटलं मॅडम हाकलून देतील. त्यांनी फोन उचलला, बंद केला, डब्यात टाकला, वरवंटा ठेवला आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"भ्यालीस?"

"लई."

"चार दिस एकटी भ्यालीस?" मी मान हलवली. "तितंच चुकलीस. फोटो पाठवलीस ते सोड, त्यो येडेपणा. पन एकटीनं कामून भ्यायचं? भ्या वाटलं की यायचं. मी हाय की भ्यायला."

मग मात्र त्यांच्या हातापायांना वेग आला. मित्राला त्यांनी पोलिसांत तक्रार द्यायला माझ्याबरोबर पाठवलं, तन्वीला आई-बापूंकडून आणून वॉर्डनच्या घरी ठेवायला लावलं. आम्ही परत आलो तेव्हा त्या कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"त्यांच्याकडं मशिनी हायत. शंभर आसतील. आपल्याकडं महेशचं अक्षर हाय. पन वीस दिस आता न्हाईत आपल्याला. कागदाच्या पाठीमागून बघाया पायजे. पेन दाबलेल्या खुना पाठीवर उमटत्यात. पन त्याला पुरा कागद पायजे. त्यो कुठं दाबतोय, कुठं न्हाई, सगळ्या अक्षरांशी ताडून बघावं लागंल." आणि रोहिणीला म्हणाल्या, "काढ ती पट्टी."

रोहिणी म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर कधी—"

"काढ म्हनते न्हवं. मला बी भ्या वाटायलंय. काढ."

रोहिणीनं काळी पट्टी सोलली. यशोधरा मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची पुरी किल्ली बघितली. खिडकीच्या तिरक्या उन्हात कागद पालथा धरून त्या तासन् तास बसल्या. बोटाच्या टोकानं चाचपायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा चाचपायच्या. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत त्यांनी तीन अक्षरं नक्की केली. मशीनला ती दिली. सकाळी दहाच्या सुमाराला त्या अपंग मशीननं एकदाच टुण् केलं.

साक्ष जुळली होती. रोहिणीनं तोंडावर हात दाबून धरला. आनंद करायला कुणाला सवड नव्हती. पैसे आता नव्या पेटीत हलवायचे, नवी किल्ली करायची आणि त्यासाठी नेट हवं. मॅडमनी एक जुना लॅपटॉप आतलं सगळं पुसून तयार ठेवला होता. रोहिणीनं तो घेऊन वॉर्डनकडे जायचं होतं. नवी किल्ली पेन्सिलनं लिहायची, असं त्यांनी तिला तीनदा बजावलं. "पेन्सिल पान्याला भीत न्हाई."

ती निघाली तेव्हा मॅडम आतून पितळी कुलूप घेऊन आल्या. "बाहेरून लाव. आनी किल्ली घेऊन जा. पैशे हलल्याबिगर उघडायचं न्हाई."

आम्हाला कळेना. त्या चिडल्या. "आता पुरी किल्ली माझ्या डोक्यात हाय का न्हाई? फोन डब्यात हाय, पन पाय हायत मला. शेजारी नेट हाय. लावा कुलूप."

"मॅडम, असं कसं करू? मी बसते ना इथं," मी म्हणाले.

"तू बाहेर पायरीवर बस. किल्ली तुझ्याकडं नको. मी रडले तर तू उघडशील."

शेवटी रोहिणीनं कुलूप लावलं. तीस वर्षं शेकडो मुलींना शिकवलेल्या बाईला आम्ही तिच्याच घरात कोंडलं आणि मी पायरीवर बसले. मे महिन्यातलं गुलबर्ग्याचं ऊन. समोरच्या घरातली अम्मा विचारून गेली, मॅडम कुठं गेल्या? बाजारात, मी म्हणाले. आतून मॅडमचा आवाज आला, "कोन हाय गं?" "कुणी नाही." "बरं."

थोड्या वेळानं वीज गेली. आतला पंखा थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं. पत्र्याचं छप्पर, एकच खिडकी, तीही त्यांनी लावून घेतलेली. मी हाक मारली, "मॅडम, पाणी प्या." "पिले." आणखी अर्धा तास गेला. रोहिणी तासाभरात येणार होती. तास होऊन गेला. मी हाक मारली. उत्तर नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. माझा फोन आत पिठाच्या डब्यात, किल्ली रोहिणीकडे, आणि रोहिणी कुठे होती? वाटेत त्या लोकांनी तिला गाठलं असेल तर? मला काहीही दिसायला लागलं. मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "मॅडम! बोला ना! एक शब्द बोला!" आत काही हललं नाही. एक म्हातारी बाई माझ्या खोटेपणापायी आत मरून पडलीय, असं मला पक्कं वाटलं. मी दगड शोधायला धावले, कुलूप फोडायला.

दगड हातात असतानाच रिक्षा आली. रोहिणी उतरली, घामानं निथळत. तिकडेही वीज गेली होती. यायची वाट बघत बसावं लागलं. "झालं, अक्का. हललं सगळं." मी तिच्या हातातून किल्ली हिसकावून कुलूप काढलं.

मॅडम खुर्चीवर होत्या. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर ओला टॉवेल, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद. त्यांनी मानेनंच विचारलं. रोहिणी म्हणाली, "झालं, मॅडम." तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मोठा श्वास घेतला.

मी ओरडलेच त्यांच्यावर. "का बोलला नाहीत? मला काय वाटलं असेल!"

"बोलायला तोंड उघडलं आसतं की अक्षरं भाईर आली आसती," त्या हळूच म्हणाल्या. "सारखी म्हनायलेते मनात. थांबतच नव्हती."

पंधरा दिवसांनी माझ्या नव्या फोनवरही त्या माणसाचा संदेश आला. "बहुत होशियार हो." मग तो कधी आला नाही. पोलिसांना तो सापडला नाही. रोहिणीनं फी भरली, डिग्री झाली, आता ती गुलबर्ग्यातच एका दवाखान्यात आहे आणि तन्वी दुसरीत आहे. मी मात्र तेव्हाची राहिले नाही. अनोळखी नंबर दिसला की अजून मी भिते. पण आता मी एकटी भीत नाही, रोहिणीला फोन करते.

गेल्या वर्षापासून मॅडमची आठवण जायला लागली. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग कॉलनीतलं घर सापडेना, मग मित्राला त्या कधी कधी "तू कुनाची गं?" विचारू लागल्या. मित्रानं ते मशीन उघडून आतली चकती हातोड्यानं फोडली. मॅडमनी बऱ्या असतानाच तसं लिहून ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात मी गेले. दारातून आत जाताना फोन सवयीनं स्वतःच डब्यात टाकला, वरवंटा ठेवला. मॅडम पलंगावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या फार. माझ्याकडे त्यांनी परक्यासारखं पाहिलं. मी नाव सांगितलं, चिटगुप्पा सांगितलं, रोहिणीचं नाव घेतलं. त्यांना काही आठवलं नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं प्रार्थना म्हणताहेत. कान जवळ नेला. ती इंग्रजी अक्षरं होती, मध्ये आकडे, एका लयीत. मला काही पाठ नव्हतं, पण पहिली दोन-तीन ऐकताच मी ओळखली. महेशच्या कागदाची ती सुरुवात होती.

मी ऐकतेय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. डोळ्यांत भीती दाटून आली. माझा हात घट्ट धरून त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"हे कुनाचं तरी हाय गं," त्या म्हणाल्या. "कुनाचं ते आठवत न्हाई. पन माझ्याकडं ठेवायला दिलंय. कुनी ऐकलं तर? मला लई भ्या वाटायलंय."

"ते माझ्या भावाचं आहे, मॅडम," मी म्हणाले. "त्या पेटीत आता काही नाही. तुम्हीच वाचवलंत सगळं. मोठ्यानं म्हटलं तरी चालतंय. भिऊ नका."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. विश्वास ठेवावा की नाही, असं बराच वेळ बघितलं. मग हात सोडवून घेतला.

"तू चांगली दिसायलीस," त्या म्हणाल्या. "पन तिकडं तोंड कर."

मी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या पाठीमागे त्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.